आईच्या परकराला खिसा

गेली बावीस वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवतेय, आणि त्यातली एकवीस वर्षं मी एकही खिसा शिवला नव्हता. आमच्या धंद्यात वाटणीच तशी पडलेली आहे. खिसे शिवायचे जेन्ट्स टेलरने. लेडीज टेलरने गळे कोरायचे, बाह्या फुगवायच्या, पाठीवर लटकनं सोडायची. कॉलेजातली एखादी पोरगी कुर्त्याला खिसा मागायची, तर मी म्हणायचे, "कशाला गं? पर्स नाही का तुझ्याकडे?" ती बिचारी गप्प बसायची आणि मी पुढचं माप घ्यायला लागायचे.

मग आईला पिशवी लागली.

पिशवी म्हणजे लघवीची. मणक्याच्या ऑपरेशनमधून आई उठली, चालायला लागली, जेवायला लागली, मला शिव्याही द्यायला लागली, पण लघवीची नस काही जागी झाली नाही. नळी घालून पिशवी जोडली. डॉक्टर म्हणाले, काही महिने ठेवू, कदाचित कायमचीच. आई तेव्हा बहात्तर वर्षांची. तिने डॉक्टरांना विचारलं, "मंग मी बाजारात कवा बसू?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

ती गंमत करत नव्हती. मखमलाबादकडे आमची थोडी जमीन आहे. तिथे भाऊ झेंडू आणि शेवंती करतो, आणि ती फुलं आई गोदाकाठच्या फुलबाजारात विकायची. पस्तीस वर्षं, एकाच जागेवर. डोक्यावर छप्पर नाही, समोर पाटी नाही, चार हात लांब आणि दोन हात रुंद अशी फरशी. तिथे गोणपाट अंथरायचं आणि पहाटे पाचपासून माळा ओवत बसायचं. अशा जागेचे कागद नसतात. जो बसतो त्याची जागा, आणि फार दिवस बसला नाही की शेजारणीचं गोणपाट रोज वीतभर पुढे सरकतं.

ऑपरेशननंतर आई माझ्याकडे राहायला आली. पंचवटीत माझ्या दोन खोल्या आहेत, बाहेरच्या खोलीत मशीन आणि आतल्या खोलीत संसार. संसार म्हणजे मी एकटी. नवरा नाशकातच असतो, माझ्याकडे नसतो, आणि तो विषय इथे नको. आई आतल्या खोलीत पलंगावर बसायची, पिशवी पलंगाच्या दांडीला अडकवलेली. दारापर्यंत यायचं तरी पिशवी हातात घेऊन. मी ती भाजीच्या कापडी पिशवीत घालून द्यायचे, म्हणजे कुणाला दिसायला नको. पण नळी लुगड्याखालून बाहेर यायची ती यायचीच. गिऱ्हाईक आलं की आई आत सरकायची. तीन महिन्यांत ती जिन्याखाली उतरली नाही.

पितृपंधरवडा लागला त्या दिवशी भाऊ आला. बाहेरच्या खोलीत बसला, चहा घेतला आणि आवाज खाली घेऊन मला म्हणाला, "घटस्थापनेपासून जागेवर गावातली एक बाई बसवतोय. बोलून ठेवलंय तिला."

मी म्हटलं, "आईला विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? तिला जमणारे का आता?" मग त्याने आवाज आणखी खाली घेतला. "आणि नवरात्राची फुलं आहेत, ताई. देवीच्या घटाला जाणारी. ती पिशवी घेऊन बसली आणि कुणाला कळलं, तर आपल्या फुलांना कोण हात लावील? तूच सांग."

रागाने माझी कानशिलं तापली. आतून आईचा आवाज आला.

"मी मेले का रं?"

भावाने चहाचा कप खाली ठेवला.

"मेले नाय ना? मंग मपली जागा हाय ती. घटाच्या दिवशी मीच बसनार. तू फक्त फुलं आन."

"अगं आई, पण कसं..."

"कसं ते तुपली बहीण बघंल. मोठी शिंपीन हाय ना ती."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला आणि मी भिंतीकडे. घटस्थापनेला पंधरा दिवस होते. तेवढ्यात आई बसली नाही, तर ती जागा गेली. एकदा दुसरी बाई सणासुदीच्या गर्दीत तिथे बसली की तिला उठवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

भाऊ गेल्यावर आईने मला आत बोलावलं. तिचा हिशेब सोपा होता. लुगडं नेसलं की पिशवी रिकामी करायला अख्खं लुगडं वर घ्यावं लागतं. मांडीला पट्ट्याने बांधायची छोटी पिशवी मिळते, ती आम्ही आणली होती, पण पट्ट्याने तिची कातडी सोलवटून निघाली. "तर मला परकर शिव," आई म्हणाली, "आन त्याला आतून खिसा कर. त्यात बसंल ती मुकाट."

"परकर घालून बाजारात बसणार तू?"

"का? ल्हानपनी न्हवते का परकर-पोलक्यात? तवा तर सगळा गाव हिंडत होते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "बरं, शिवते. पण त्याला स्कर्ट म्हणू. जरा बरं दिसतं." आई म्हणाली, "तुला काय म्हनायचं ते म्हन. खिसा पायजे."

पितृपंधरवड्यात नवं कापड शिवायला घेत नाहीत. माझ्याकडे त्या दिवसांत गिऱ्हाईक फिरकतही नाही, मशीनवर कापड झाकून ठेवायचं आणि नवरात्रात एकदम झुंबड. भावजयीने फोनवर आठवणही करून दिली, "ताई, निदान पंधरवडा तरी सरू द्या." मी म्हटलं, पंधरवडा सरला की घटच बसतात, मग काय उघडी बसवू आईला? फोन ठेवला आणि आईचं वांगी रंगाचं, मोहरी काठाचं सुती लुगडं पलंगावर पसरलं. आईने स्वतः खडूने रेघ मारली आणि म्हणाली, "लाव कात्री."

पहिला स्कर्ट मी एका दिवसात शिवला. घेर चांगला, काठ बरोबर खालच्या घेराला आलेला, नेफ्यात नाडी. उजव्या कुशीच्या शिवणीत खिसा, कमरेपासून गुडघ्यापर्यंत खोल. आतल्या बाजूने नळी यायला एक काज. दिसायला असा झकास झाला की मीच त्याचा फोटो काढला.

आईने तो घातला, खिशात छोटी पिशवी टाकली, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा जिना उतरली. कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपर्यंत गेली, मेथी घेतली, भाजीवाल्याशी जुडीच्या आकारावरून भांडली, परत आली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. चार दिवस ती अशी रोज उतरली.

पाचव्या दिवशी मी तिची पाठ चोळून देत होते, तेव्हा मला तिची मांडी दिसली. लालभडक. दोन जागी कातडी निघालेली. आणि पिशवी रिकामी करायची खालची तोटी असते, तिला दोऱ्यांचा हा एवढा गुंता, इतका की तोटी नीट बंद होईना.

"आई! अगं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू खिसा काढला असतास," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे म्हनलं. बरंय तेवढं."

बरंय म्हणे! मी तो स्कर्ट उलटा केला आणि खिसा आतून पाहिला. आणि मला माझीच लाज वाटली. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला एक खोड लागलेली असते. आत दोन बोटं माया ठेवायची, म्हणजे जास्तीचं कापड, उद्या बाई जाड झाली तर उसवून सैल करता यावं म्हणून. मी हाताला लागलेल्या सवयीने खिशाला सगळीकडून दोन बोटं माया ठेवली होती. खिसा काय जाड होणार होता? आणि त्या मायेच्या कडा तशाच कच्च्या सोडलेल्या. आमच्यात म्हणतातच, आत कोण बघतंय! त्या कडांचे धागे सुटले, तोटीत अडकले, आणि ती जाड शिवण दिवसभर आईच्या मांडीवर घासत राहिली. वर कापड असं मऊ की बघणाऱ्याने हात फिरवावा.

पिशवी भरली की नाडी खाली ओढली जायची तो ताप वेगळाच. आई एका हाताने कंबर धरून चालायची आणि मला वाटायचं, मणका दुखतोय.

दहा दिवस उरले होते. माझ्या एकवीस वर्षांत मला कुणी खिसा शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो स्कर्ट थैलीत घातला आणि द्वारका चौकापाशी एक म्हातारे जेन्ट्स टेलर बसतात त्यांच्याकडे गेले. फक्त पँटी शिवतात, आणि सगळे त्यांना चाचा म्हणतात. पंधरवड्यामुळे त्यांच्याकडेही शुकशुकाट होता. मी म्हटलं, "चाचा, खिसा शिकायचाय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेडीज टेलरला?"

"हो. का, हात दुखतील का माझे?"

त्यांनी स्कर्ट घेतला, वरून पाहिलासुद्धा नाही, सरळ उलटा केला आणि खिसा बाहेर ओढला. "या अल्ला! बेटा, हा खिसा आहे की गोणी?" मग हात आत घालून त्यांनी ओंजळभर धागे बाहेर काढले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले. "कशासाठी आहे? एवढा खोल?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पाण्याच्या बाटलीसाठी. आईला सारखी तहान लागते."

त्यांनी आतल्या बाजूच्या काजात बोट घातलं, ते आरपार गेलं. बाटलीच्या खिशाला काज कशाला, हे त्यांना नक्की कळलं नसेल. किंवा कळलंही असेल. त्यांनी फक्त विचारलं, "वजन किती?"

"पाऊण लिटर. भरली की."

"भरत जाते बाटली? वाहवा," चाचा म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. "मग हिला शिवणीवर लटकवायचं नाही. शिवण फाटेल, नाडी घसरेल. कमरेच्या पट्ट्याला लटकव. सगळा भार पट्ट्यावर. उसव."

"सगळं?"

"सगळं."

मी त्यांच्या बाकावर बसून माझा झकास स्कर्ट उसवला. पुढचे पाच दिवस रोज दुपारी जात होते. नेफा आणि नाडी गेली, त्याजागी चार बोटं रुंद जाड पट्टा आला, मागे बटणं. खिसा मांजरपाटाचा. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कडेला पहिली टीप, मग कड कातरून सुतभर ठेवायची, मग सगळं उलटवायचं, नखाने दाबायचं, इस्त्री फिरवायची, आणि दुसरी टीप अशी मारायची की ती कापलेली कड दोन टिपांच्या मध्ये कोंडली जाईल. एकही धागा बाहेर येता कामा नये. वाचायला सोपं आहे. करताना माझा पहिला खिसा आकसला, दुसऱ्याच्या टिपेतून धाग्यांच्या मिश्या बाहेर आल्या, तिसऱ्याला चाचांनी हात लावून सांगितलं, "कोपरे कशाला? गोल कर. कोपऱ्यात सगळी घाण जमते." चौथ्याची शिवण त्यांनी स्वतःच्या गालावर घासून पाहिली. "अजून लागते. उसव."

माझी चिडचिड झाली. म्हटलं, चाचा, बास की आता, आतलं तर आहे.

ते एकदम गंभीर झाले. "आतलं आहे म्हणूनच. वरचं लोकांना दिसतं, आतलं तिच्या अंगाला लागतं ना?"

पाचवा खिसा मी स्वतःच्या गालावर घासला. गुळगुळीत. खाली तोटीसाठी छोटी फट ठेवली होती, एका बटणाने बंद होणारी, म्हणजे पिशवी बाहेर न काढता रिकामी करता येईल. काजाला हाताने टाके घातले, एकाला एक लागून. चाचांनी पुन्हा स्कर्ट उलटा केला, बराच वेळ खिसा बघत राहिले आणि म्हणाले, "आता ठीक." शिकवल्याचं काही घ्यायला तयार होईनात, तेव्हा मी त्यांच्या बेगमचे दोन ब्लाउज शिवून द्यायचं कबूल करून आले.

आई तो घालून घरभर फिरली, जिने दोनदा चढली-उतरली, बसली, उठली. संध्याकाळी मी मांडी पाहिली. जुने डाग होते, नवं काही नव्हतं. "आता कसं वाटतंय?" मी विचारलं. आई म्हणाली, "काय बी वाटत नाय. हाय का नाय ते कळतच नाय." माझ्या आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाने माझ्या शिवणीला इतकी मोठी दाद दिली नाही.

आणि खोटं कशाला सांगू, मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला होता की बाहेरून काहीही दिसत नव्हतं. घेराच्या चुण्या मी अशा पाडल्या होत्या की पिशवी भरली तरी उजवी बाजू फुगू नये. मी तिला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

घटस्थापनेच्या पहाटे आम्ही रिक्षाने बाजारात गेलो. भावाला आईने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "फुलं घेऊन ये, मी पोचतेच." तो म्हणाला होता, "बघू." शेजारणीचं गोणपाट आमच्या फरशीवर पार अर्ध्यापर्यंत आलेलं होतं. आईने काठीने त्याची कड उचलली आणि दुमडून मागे टाकली. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई! तुम्ही? बरं वाटतंय का आता?" आई म्हणाली, "वाटतंय तर." मी क्रेट उलटं घालून त्यावर गादी ठेवली, कारण खाली बसलं तर लघवी पिशवीत नीट उतरत नाही. वांगी रंगाचा स्कर्ट, पांढरं पोलकं आणि खांद्यावरून मोहरी रंगाची ओढणी. आई बसली आणि मला ती अगदी राणीसारखी वाटली.

भावाची पिकअप आली तेव्हा पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी ती गावातली बाई बसलेली होती, नवं लुगडं नेसून. भावाने आईला पाहिलं. आईने त्याला पाहिलं. "काय बघतोस? क्रेट उतरव," आई म्हणाली. त्याने मुकाट्याने चार क्रेट उतरवले. ती बाई काही गाडीतून उतरली नाही.

तासाभरात बाजार भरून वाहायला लागला. आईच्या मांडीवर झेंडूचा ढीग, हातात सुई, आणि माळ सरसर लांब होत होती. मी पानांत बांधून द्यायला होते. तेवढ्यात शेजारीण, चांगली चार गिऱ्हाइकं उभी असताना, मोठ्याने म्हणाली, "आत्याबाई, एक इचारू का? ती लघवीची पिशवी लावली व्हती ना तुम्हाला? का अजून हाय? नाय, घटाच्या माळा हायेत म्हनून इचारलं."

चारी गिऱ्हाइकांचे हात थांबले. त्यातल्या एका बाईने माळ आधीच हातात घेतलेली होती.

आणि मी, जी भावावर एवढी तापली होती, जिने पितृपंधरवड्यात कात्री चालवली, जिने पाच खिसे उसवले, ती मी पटकन बोलून गेले, "छे छे, कसली पिशवी? ती केव्हाच काढली."

आईची सुई थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग सुई पोलक्याला टोचून ठेवली, उजवा हात खिशात घातला आणि ती पिशवी अर्धी बाहेर ओढली. पहाटेचं पिवळं पाणी, सगळ्यांना दिसेल असं.

"काढली नाय," आई म्हणाली. "ही बघ. मूत हाय. तुला येत नाय का? तू त्या भिंतीमागं जाती, मपलं हितं साठतं, एवढाच फरक. आन मी रिकामी केली की साबनानं हात धुते. तू धुती का, सांग बरं सगळ्यांम्होरं?"

शेजारीण लाल झाली. "अवो, मी आपलं देवाचं म्हनून..."

"देवाचं? या झेंडूला शेतात काय अत्तर घालतो का आमी? शेन घालतो, शेन! गाडीनं घालतो! त्यातनं वर येतो, मंग देवी गळ्यात घालती त्याला. तिला चालतंय आन तुला नाय चालत?"

ज्या बाईच्या हातात माळ होती, तिने ती हळूच ढिगावर ठेवली आणि निघून गेली. आई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मागून ऑफिसला निघालेला एक माणूस पुढे आला. "आजी, भांडण नंतर करा हो. मला दोन माळा द्या, घरी गुरुजी येऊन बसलेत."

आईने पिशवी खिशात सोडली, बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाच्या वडीने हात धुतले, पुसले आणि दोन माळा दिल्या. तो गेला. मग ती मला म्हणाली, हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल इतक्या, "काढली म्हनलीस?"

"तोंडातून गेलं गं."

"तुला लाज वाटली मपली?"

मला नाही म्हणायचं होतं. पण तिच्यासमोर दोनदा खोटं बोलवेना. "हो," मी म्हटलं. "वाटली."

"मला वाटलं, मपल्या मांडीसाठी शिवला तू खिसा," आई म्हणाली. "लपवायला शिवला व्हय?"

दोन्हीसाठी शिवला होता, आणि त्यातलं जास्त कशासाठी होतं ते मला त्या क्षणी कळत होतं. गालावर घासून घासून मी तो खिसा गुळगुळीत केला होता, आणि चुण्या पाडताना मात्र मी आईची मांडी विसरून बाजाराचे डोळे मोजत होते.

"जा, चहा घेऊन ये," आई म्हणाली आणि सुई परत हातात घेतली.

चहाची टपरी बाजाराच्या त्या टोकाला आहे. दोन पेले घेऊन परत वळले तेव्हा आईपर्यंत पन्नास-साठ माणसं होती, ओळीने बसलेल्या बायका, हारवाले, गाड्या, आणि मधेच पिकअपला टेकून उभा असलेला माझा भाऊ. आईची पिशवी शेवटची रिकामी करून दोन तास होऊन गेले होते. एरवी मी आईजवळ जाऊन, तिच्या कानाशी वाकून विचारलं असतं. मी होते तिथेच थांबले, आणि सगळा बाजार ऐकेल इतक्या मोठ्याने ओरडले, "आई! पिशवी भरली असेल तुझी! चल, रिकामी करून येऊ!"

ओळीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. भाऊ जमिनीकडे बघायला लागला. शेजारणीचा हात फुलांतच राहिला.

आईने मान वर केली, मला शोधलं आणि तेवढ्याच मोठ्याने उत्तर दिलं.

"वरडती कशाला? एवढी माळ व्हऊ दे, आलेच!"